दिगंबर साळिंदराचा उबदार टोन

एका जंगलात, जिथे रस्ता अजून पोचला नव्हता पण वीज पोचली होती, दिगंबर नावाचं एक साळिंदर राहायचं. दिगंबर इलेक्ट्रिक गिटार वाजवायचा. जंगलात वीज कशी आली, असं विचारू नका, बाळांनो. गोष्टीतला ससा बोलतो तेव्हा विचारता का? मग आत्ताच कुठून शहाणपण सुचलं?

तर दिगंबरचे वडीलही गिटार वाजवायचे. संध्याकाळ झाली की तळ्याकाठी बसून ते एक धून वाजवत. त्यांनीच रचलेली. पुढे वडील गेले आणि त्यांच्या गिटारचा वाळवीने भुगा केला. धून तेवढी दोन डोक्यांत उरली. एक डोकं दिगंबरचं आणि दुसरं आवडाआत्याचं.

आवडाआत्या ही तळ्यातली म्हातारी कासवीण. तिला ती धून अशी पाठ होती की दिगंबर चुकला तर ती दगडावरून ओरडायची, "अरे, तिथे वर नाही जायचं, खाली उतर!" खरं सांगायचं तर दिगंबरला ती अर्धीच यायची. उरलेली अर्धी आत्याच्या ओरडण्यावर चालायची.

एक दिवस आत्या म्हणाली, "दिगंबर, ती धून मला एकदा सबंध ऐकव रे. माझं आता काही खरं नाही."

"ऐकवतो की, आत्या. आत्ता गिटार घेऊन येतो."

गिटार घेऊन येताना वाटेत वटवाघूळसाहेब भेटले. साहेब जंगलातले टोनचे तज्ज्ञ. त्यांना जे ऐकू यायचं ते दुसऱ्या कुणालाही ऐकू यायचं नाही. तज्ज्ञ व्हायला आणखी काय लागतं?

"एक तार छेड बघू," साहेब फांदीला उलटे लटकून म्हणाले.

दिगंबरने आपल्याच अंगावरचा एक काटा उपटून तार छेडली.

साहेबांनी तोंड वाकडं केलं. "थंड आहे."

"काय थंड आहे, साहेब?"

"टोन. तुझ्या वडिलांच्या गिटारला काय ऊब होती! आणि ही? फरशीवर चमचा पडल्यासारखी वाजते. पिकअप बदल."

पिकअप म्हणजे काय, ते तुम्हाला माहीत नसणार. गिटारच्या तारांखाली एक लोहचुंबक असतो. त्याच्याभोवती केसाएवढी बारीक तांब्याची तार गुंडाळलेली असते. वरच्या तारा थरथरल्या की तो ते टिपतो आणि अँप्लिफायरला कळवतो. थोडक्यात, तो चहाडखोर असतो. चहाडी गोड करायची की झोंबणारी, हे त्याच्या हातात.

दिगंबर तसाच वळला आणि कोळ्याकडे गेला. पिकअप गुंडाळायला आठ पायांच्या कोळ्याइतका सोयीचा कारागीर दुसरा कोण?

"जुना, उबदार टोन पाहिजे ना?" कोळी म्हणाला. "मग लोहचुंबक थकलेला लागेल. नव्याला फार उत्साह असतो, तो कानात बोट घालतो. आणि तार वाकडीतिकडी गुंडाळावी लागेल."

"वाकडीतिकडी?"

"मशीन सरळ गुंडाळतं. मी चुकत चुकत गुंडाळतो. ऊब चुकांमध्येच असते."

दिगंबरला हे फारच पटलं. त्याने जुने पिकअप काढून ठेवले, नवे बसवले आणि वटवाघूळसाहेबांना ऐकवले.

"ऊब आहे," साहेब म्हणाले, "पण मध नाही."

दिगंबरने दुसरे आणले.

"मध आहे, पण माती नाही."

तिसरे आणले. साहेब डोळे मिटून बराच वेळ झुलले. "माती आहे रे. पण ती आपल्या जंगलातली वाटत नाही."

मग सगळ्या जंगलाला कंठ फुटला. हरणाला डाव्या कानाने ऐकलं की ऊब वाटायची, उजव्याने ऐकलं की थंडी वाजायची. रानडुक्कर म्हणालं, टोनला नुकत्याच उकरलेल्या कंदाचा वास पाहिजे. दिगंबर दिवसभर एकच तार छेडत बसायचा आणि हे सगळे माना डोलवायचे. आयुष्यात त्याला एवढे श्रोते कधी मिळाले नव्हते. धून वाजवायचा तेव्हा तर फक्त आत्या असायची.

आत्याने निरोप धाडला. दिगंबर रिकाम्या हातांनीच गेला.

"काय रे, गिटार कुठंय?"

"तिचं पोट उघडून ठेवलंय, आत्या. पिकअप बदलतोय. टोनला ऊब पाहिजे."

"मला कशाला ऊब? मी दिवसभर उन्हात बसलेली असते. तू आपला वाजव."

"थंड टोनमध्ये वडिलांची धून? वडील काय म्हणतील?"

"ते काही म्हणत नाहीत, बाबा. ते गेले. आता मी जायची आहे." आत्याने मान जरा बाहेर काढली. "जुने पिकअप आहेत ना घरी? तेच लाव. नाहीतर वीज नको, काही नको. नुसत्या तारा छेड, मी जवळ सरकते."

दिगंबरला हसू आलं. साहेबांनी त्याला सांगूनच ठेवलं होतं की कासवाला बाहेर कान दिसत नाहीत, तेव्हा टोनच्या बाबतीत त्याचं मत धरायचं नसतं.

"थोडं थांबा, आत्या. कोळ्याने एक जोडी खास वारुळात पुरून ठेवलीय. लोहचुंबक छान थकतोय. आणि तुम्ही कासव. तुम्हाला कसली घाई?"

आत्याने मान आत घेतली. मला विचाराल तर त्याच वेळी त्याच्या पाठीत एक धपाटा घालायला हवा होता. पण साळिंदराच्या पाठीत धपाटा घालणार कोण?

वारुळातली जोडी निघाली. दिगंबरने ती बसवली, तार छेडली, आणि वटवाघूळसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. "हाच! हाच तो टोन!"

दिगंबर गिटार घेऊन तळ्याकडे धावला. आवडाआत्या दगडावर नव्हती. ती पहाटेच गेली होती.

जंगलाने रीतीप्रमाणे शोकसभा घेतली. अध्यक्षस्थानी वटवाघूळसाहेब लटकले. ते आत्याबद्दल दोन वाक्यं बोलले आणि उरलेला वेळ पिकअपबद्दल. कोळ्याचा शाल आणि नारळ देऊन सत्कार झाला. दिगंबरने गिटार अँप्लिफायरला जोडली आणि काटा तारेवर ठेवला.

"वाजवतोस काय?" साहेब दटावून म्हणाले. "शोकसभा आहे ही. दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू या. गिटार नुसती चालू ठेव."

सगळे उभे राहिले. जुन्या धाटणीचे पिकअप काही न वाजवताही बारीक घुमत राहतात, तसे ते घुमू लागले. घूंऽऽऽ. तळ्यावर दुसरा आवाज नव्हता.

"काय ऊब आहे!" हरीण पुटपुटलं.

दिगंबर मनातल्या मनात धून आठवू लागला. सुरुवात आठवली. पुढचं वळणही आठवलं. मग ती वर जात होती की खाली उतरत होती, ते काही केल्या आठवेना. इतके दिवस त्याने एकच तार छेडली होती. त्याने सवयीने दगडाकडे पाहिलं. तिथून कुणी ओरडलं नाही. तेव्हा त्याला फार रडू आलं.

"साहेब," स्तब्धता संपल्यावर त्याने विचारलं, "वडिलांची धून तुम्हाला आठवते का हो?"

"धून?" वटवाघूळसाहेब म्हणाले. "काहीतरी वाजवायचे खरे. आम्ही टोन ऐकायचो."

तात्पर्य : बाळांनो, पिकअप नीट पारखून घ्यावा, घाई करू नये. धून काय, ती नसली तरी अडत नाही. मात्र ज्यांना ती ऐकायची असेल त्या म्हाताऱ्या माणसांना वेळीच बजावून ठेवावं, की आमचा टोन जमेपर्यंत कृपा करून मरू नका.