भज्यांच्या आधी

दिवाळीनंतर गावात भरणाऱ्या जत्रेत, म्हणजे गेल्या मंडईत, एकोडीच्या खुशालचं नाटक दुसऱ्या अंकात होतं, आणि लोक सतरंज्या झटकून घरी निघाले होते. यंदा तसं होऊ नये म्हणून तो साकोलीच्या लेखक मंडळात शिरला. मंडळाचा रिवाज असा की ज्याचं लिखाण, त्याच्याच घरी रविवारची बैठक.

निवृत्त तुलाराम गुरुजी, पोस्टातला संघपाल आणि नर्स रश्मी आले. खुशालची बायको कुंता हिने कांद्याची भजी तळली. पहिला अंक वाचून होण्याआधीच परात संपली.

"वा! मामाचं पात्र म्हंजे नाटकाचा प्राण!" गुरुजी बोटं चाटत म्हणाले.

"काही कमी वाटते का जी?"

"चटणी," संघपाल म्हणाला. "नाटकात नाई. नाटकात काईच कमी नाई."

पुढच्या रविवारी आलुबोंडे झाले आणि दुसरा अंकही निर्दोष ठरला. आत कढईसमोर उभ्या कुंताला मात्र त्या अंकाने दोनदा डुलकी आणली होती. उकळत्या तेलापुढे झोप आणणारं नाटक मंडईत काय करील, हे तिला कळलं.

"खाल्ल्या घरी कोन नावं ठेवते जी?" ती नवऱ्याला म्हणाली. त्याला ते पटलं नाही.

तिसऱ्या रविवारी तिने फक्त पाणी आणलं. "सिलेंडर संपला."

मंडळी थोडा वेळ स्वयंपाकघराकडे बघत राहिली. मग नाटकाकडे वळली.

"गोळी लागली तरी हा हिरो बोलूनच राहिला," रश्मी म्हणाली. "आमच्याकडचे पेशंट असे नाई करत."

"अन् मेल्यावर गानं काहून म्हनते?" संघपालने विचारलं.

"तो मामा काढा," गुरुजी म्हणाले. "कायले आला तो?"

"तुमीच तं त्याले प्राण म्हनलं होतं!"

"तवा भजे होते ना बाप्पा!"

सगळे गेल्यावर खुशाल फणफणला, "मी मंडळच सोडतो!"

कुंताने त्याच्यापुढे गरम चहा ठेवला. "सोडा. मंडईत लोकंही सोडून जातील."

"सिलेंडर संपला होता ना?"

"त्याईच्यासाठी."

खुशालने चहा घेतला आणि मामाला काढलं. मग गाणं काढलं, मेलेल्याचं भाषणही काढलं. मंडईत शेवटपर्यंत एक सतरंजी हलली नाही.

आनंदाच्या बैठकीला परात शिगोशीग भरली. खुशालने नव्या नाटकाचं नाव सांगितलं. गुरुजींचा हात भज्यांकडे गेला. "वा! नाव ऐकूनच अंगावर काटा..."

कुंताने परात उचलली. "आधी अंक होऊ द्या, गुरुजी."

गुरुजींनी हात मागे घेतला आणि खिशातून चष्मा काढला.

"नाव जरा फसलंच आहे, खुशालभाऊ."