पायऱ्यांचे गुण

कोणत्याही भरीव वस्तूचे घनफळ अचूक काढता येते. त्यासाठी एकच पथ्य पाळावे लागते: त्या वस्तूकडे बघायचे नाही. बघितले की शंका येतात, आणि शंकांसाठी उत्तरपत्रिकेत जागा सोडलेली नसते.

माझ्या वडिलांना हे पथ्य कधी जमले नाही. ते शाळेत भूमिती शिकवत. मुले त्यांना ठोकळेसर म्हणत, कारण ते पत्र्याचे शंकू आणि डबे पिशवीत घालून वर्गात न्यायचे आणि एका शंकूभर वाळू तेवढ्याच तळाच्या आणि तेवढ्याच उंचीच्या डब्यात तीनदा ओतून डबा काठोकाठ भरून दाखवायचे. (यात अर्धी तासिका जाते. सूत्र पाठ करायला अर्धे मिनिट पुरते आणि वाळू सांडत नाही.)

शेवटच्या साध्या दिवशी, एका शनिवारी दुपारी, बाबा शाळेतून आले आणि त्यांनी एक कागद जेवणाच्या टेबलावर माझ्यापुढे सरकवला. आदल्या दिवशी त्यांनी शाळेला लेखी हरकत दिली होती. ती तपासून परत आली होती.

"पाचपैकी एक," ते म्हणाले.

"एक कशाचा?"

"उत्तराचा."

"म्हणजे उत्तर बरोबर आहे?"

"बरोबर आहे म्हणून तर एक दिला."

"आयुष्यात पहिल्यांदा नापास झालात," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "अभिनंदन. आता हात धुवा."

कागदावर बाबांचे एकच वाक्य होते: 'टाकीतले पाणी तुमच्या हिशोबाच्या चौपट भरेल, ती भरू नका.' खाली लाल शाईत शेरा होता: 'पायऱ्या दाखवा.'

"मग दाखवा ना पायऱ्या, बाबा," मी म्हटले. "परत लिहून द्या. काय जातंय?"

"उद्या पाणी सोडतायत. टाकी काय माझी वही तपासून होईपर्यंत थांबणार आहे?"

"फोन करा मग."

"केला. मॅडम म्हणाल्या, सर, तोंडी परीक्षा पुढच्या महिन्यात."

या मॅडम म्हणजे गणिताच्या विभागप्रमुख. शाळा त्यांना पायरीमॅडम म्हणे, आणि त्यांना ते आवडे. त्यांनी शाळेला जे दिले, त्याची नोंद इथे कृतज्ञतापूर्वक केली पाहिजे.

पूर्वी घनफळाच्या गणितात मुले उत्तर शोधत असत. ही अत्यंत बेभरवशाची पद्धत होती, कारण उत्तर चुकले की सगळेच चुके. मॅडमनी गणिताचे पाच भाग पाडले: दिलेले, काढायचे, सूत्र, किमती, उत्तर. प्रत्येकी एक गुण. उत्तीर्ण व्हायला दोन. उत्तर हा आता पाचवा हिस्सा उरला, तोही ऐच्छिक म्हणावा असा. 'दिलेले' म्हणून प्रश्नपत्रिकेतलाच मजकूर उतरवायचा आणि 'काढायचे' म्हणून प्रश्नच परत लिहायचा. म्हणजे प्रश्न दोनदा लिहिला की मूल उत्तीर्ण. (उत्तराखाली पट्टीने दोन रेघा मारणे मात्र सक्तीचे. रेघा वाकड्या आल्या तर पालकांना बोलावणे जाई.) निकाल शंभर टक्के लागू लागला. एका वर्षी तो शंभरावरही गेला असता, पण त्यासाठी मुले कमी पडली.

दुसरी सुधारणा याहून मोलाची. परीक्षक हा जातीचा लबाड असतो. सूत्राला त्रिज्या लागते, तर हा व्यास देतो आणि झाडाआड उभा राहून मजा बघतो. त्यावर मॅडमनी एक सुवर्णनियम काढला: दिसेल त्या मापाचे आधी अर्धे करावे, मग पुढचे वाचावे. हा नियम मुलांच्या अंगात इतका भिनला, की एका माजी विद्यार्थ्याने शिंप्याला छातीचे मापही अर्धे करून दिले. सदरा पाठीमागून उघडा राहिला, परंतु शिवण सरळ असल्याबद्दल त्याने समाधान व्यक्त केले.

या सुवर्णकाळात बाबा उत्तरे वाचत बसायचे. एका मुलाने गावाला पाणी पुरवणाऱ्या टाकीचे घनफळ वाटीभर काढले होते. पायऱ्या बरोबर होत्या, रेघा सरळ होत्या. बाबांनी समासात लिहिले, 'या टाकीत चिमणी तरी भिजेल का?' मुलाच्या पालकांनी तक्रार केली, की चिमणीचा उल्लेख अभ्यासक्रमात नाही. चौकशीअंती 'चूक' हा शब्द आणि फुलीची खूण शाळेतून रद्द करण्यात आली. त्याऐवजी 'अपेक्षितापेक्षा वेगळे' असे लिहावे, असे परिपत्रक निघाले. बाबांकडून दहावीचे वर्ग काढून घेण्यात आले आणि त्यांच्याकडे ठोकळ्यांचे कपाट सोपवले. त्याच कपाटाला कुलूप लावून किल्ली कार्यालयात ठेवण्यात आली.

मग टाकी आली. जिन्याच्या माथ्यावर पाण्याची नवी टाकी बसवायची होती, आणि तिचे वजन पेलणारी बैठक किती मजबूत हवी हे ठरवायचे होते. ज्या शाळेत घनफळात एकही मूल नापास होत नाही, तिने बाहेरच्या अभियंत्यापुढे हात पसरणे हा विभागाचा अपमान ठरला असता. गणित घरीच सोडवले गेले. आराखड्यावर स्पष्ट लिहिले होते: त्रिज्या एक पूर्णांक चार दशांश मीटर, उंची दोन मीटर. विभागाने नियमाप्रमाणे आधी अर्धे केले. त्रिज्येचा वर्ग होत असल्यामुळे घनफळ एक चतुर्थांश झाले. बाराशे बत्तीस बादल्यांचे पाणी कागदावर तीनशे आठ बादल्यांचे उरले, आणि बैठक तेवढ्यापुरती बांधली गेली. टाकी मात्र लोहाराने बनवली. तो त्या शाळेत शिकलेला नसल्यामुळे त्याने ती आराखड्याप्रमाणे बनवून टाकली.

विभागाच्या गणिताला पाचपैकी चार गुण पडले. बाबांच्या हरकतीला एक. मॅडमनी दोन्ही कागद एकाच बैठकीत, एकाच लाल पेनने, पूर्ण निःपक्षपातीपणे तपासले. टाकी उत्तीर्ण झाली.

रविवारी सकाळी बाबा चपला घालू लागले.

"आज सुट्टी आहे," आई म्हणाली.

"टाकीला नाहीये," बाबा म्हणाले. "नळ बंद करून येतो. आलोच."

टाकीचा नळ जिन्याच्या वरच्या टोकाला होता. बैठकही तिथेच होती, बरोबर डोक्यावर.

चौकशीसाठी तीन सदस्यांची समिती नेमली गेली. दोघे गणिताचे निवृत्त परीक्षक होते आणि तिसरे हस्ताक्षराचे. समितीचे काम आदर्श होते. अहवाल पाच भागांत होता. त्यात म्हटले होते, की गणनेची मांडणी, सूत्र व किमती नियमानुसार आहेत. अंतिम उत्तर अपेक्षितापेक्षा वेगळे आहे. आणि सदर शिक्षक जिन्याच्या सर्व पायऱ्या योग्य क्रमाने चढले असे दिसून येते.

मी समितीच्या अध्यक्षांना भेटले. मला नुकसानभरपाई नको होती, कुणाची नोकरी जायला नको होती. अहवालात एक शब्द हवा होता.

"कुठला, ताई?"

"चूक."

ते दचकले. उठून त्यांनी दार लोटून घेतले. "अहो, तो शब्द रद्द झालाय. परिपत्रक आहे."

"तो शब्द ज्यांच्यामुळे रद्द झाला, ते माझे वडील होते."

"मग तर तुम्हाला माहीतच आहे," ते आनंदाने म्हणाले. "असं करा, अहवालाचं वाचन सभागृहात आहे. लगेच शोकसभा. दोन्हींना एकच मंडप. तेव्हा दोन शब्द बोला. पण जरा मुद्देसूद हं."

सभागृह भरले होते. माजी विद्यार्थी होते, पालक होते, पहिल्या रांगेत पायरीमॅडम होत्या. त्या खरोखर रडत होत्या, आणि रुमालाची घडी न मोडता रडत होत्या. वक्ते म्हणाले, सर गेले. सर आपल्यातून निघून गेले. सर पडद्याआड गेले. मी स्वतःही तोवर सगळ्यांना 'बाबा गेले' असेच सांगत आले होते. फोनवर, बँकेत, दूधवाल्याला. ऐकणाऱ्याला वाटावे, येतील संध्याकाळपर्यंत.

माझी पाळी आली. मी मुद्देसूद बोलले. दिलेले: त्रिज्या आणि उंची. काढायचे: पाण्याचे वजन. सूत्र सांगितले. किमती घातल्या, जशा दिल्या होत्या तशा, अर्ध्या न करता. आवाज कुठे हलू दिला नाही. पहिल्या रांगेत माना डोलू लागल्या.

"वा!" अध्यक्ष शेजारच्याला म्हणाले. "किती सुरेख मांडलं! शेवटी मुलगी कुणाची!"

टाळ्या पडल्या. माझा कुणावर राग नाही. तुम्हीही इथवर वाचत आलात, मधे दोनदा हसलात, आणि बाईंनी मांडलंय छान असे मनाशी म्हणून चार गुण देऊन मोकळे झालात. ते बरोबरच आहे. तुम्हाला तसेच शिकवले आहे.

मी माइकपाशी उभीच राहिले, तेव्हा अध्यक्षांनी मायेने हात केला. "बसा, ताई. उत्तर राहिलं तरी चालतं. चार झाले तुमचे."

"उत्तर चूक होतं," मी म्हटले. "त्याच्याखाली दोन सरळ रेघा होत्या. आणि त्या रेघांच्या खाली माझे बाबा मेले."