सकाळचे गुरुजी, दुपारचे गुरुजी

दुपारी साडेतीनला पागधरे गुरुजी शाळेच्या पुढच्या दाराने बाहेर पडतात, इमारतीला वळसा घालतात आणि मागच्या दाराने आत येतात. जाताना अंगात पांढरा सदरा असतो, येताना निळा. मुले दोन्ही वेळा उभी राहतात.

गुरुजी पालघरला माझ्या शेजारी राहतात. एकटेच. त्यांची शाळा मुरब्याच्या बाजूला, एका कोळीवाड्यात. गेल्या वर्षी वरून आदेश आला: शिकवणी न परवडणाऱ्या मुलांसाठी शाळा सहापर्यंत चालवावी, मात्र साडेतीननंतर दुसरा शिक्षक हवा. आदेश आला, शिक्षक आला नाही. जागा रिकामी असल्याचे पत्र तेवढे आले.

"मग मीच येतो," म्हणून गुरुजींनी निळा सदरा शिवून घेतला.

सकाळचे गुरुजी जाताना फळ्यावर निरोप ठेवतात: 'तेराचा पाढा कच्चा आहे. लक्ष द्यावे.' दुपारचे गुरुजी तो वाचून तोंड वाकडे करतात. "सकाळी झोपा काढतात काय हे?" एकदा खडू कोणी संपवले यावरून दोघांत बिनसले. दोन दिवस फळ्यावर निरोप नव्हता. शेवटी मुलांनी मध्यस्थी केली.

एके दिवशी मी शाळा पाहायला गेलो आणि नेमके तपासणीचे साहेब आले. दुसरा शिक्षक नसेल तर वाढीव वर्ग आजच बंद, हे त्यांनी दारातच सांगितले. वर्ग बंद म्हणजे चौदा मुले साडेतीनपासून खाडीवर मोकाट. त्यांच्या आया पालघरच्या बाजारात मासळी विकून सहाला परततात.

"दुसरे शिक्षक कुठे आहेत?"

"येतील आता," पहिल्या बाकावरची जागृती म्हणाली. "ते कदी उशीर नाय करत."

साडेतीनला गुरुजी गेले. निळ्या सदऱ्यात आले. "नमस्ते, गुरुजी!" वर्ग ओरडला. गुरुजींनी साहेबांकडे पाहून विचारले,

"आपण कोण?"

साहेबांनी निळा सदरा वरपासून खालपर्यंत न्याहाळला. मग त्यांनी विचारले, "सकाळचे कुठे गेले?"

"घरी गेले, सायब. त्यांना नका बोलू. चांगले हाय ते, जरा रागीट हाय इतकंच," जागृती म्हणाली.

साहेबांनी शेरा लिहिला: 'दोन्ही शिक्षकांची भेट झाली.' वर्ग वाचला. पंधरवड्याने कार्यालयाचे पत्र आले: दोन्ही शिक्षक हजर असल्यामुळे शाळेत जागा रिकामी नाही.

पत्र आले त्या दिवशी मी परत गेलो. सहाला जागृतीची आई मासळीची रिकामी पाटी घेऊन आली आणि मुलीला घेऊन गेली. गुरुजींनी कुलूप लावले.

"दुसरा शिक्षक आता मिळायचा नाही," मी म्हणालो. "मग सदरे कशाला बदलता? सगळ्यांना ठाऊक आहे."

गुरुजींनी पांढऱ्या सदऱ्याची घडी पिशवीत नीट बसवली.

"सकाळचे पुढे घरी गेलेत, असं धरून चालतो मी," ते म्हणाले. "चहा ठेवला असेल त्यांनी एव्हाना."