रामटेके बाईंचे डेन्मार्कवाले

आमच्या मुलीच्या बारशाला रामटेके बाई आल्या, बाळाच्या अंगावर झबलं ठेवलं आणि चार शब्द बोलायला उभ्या राहिल्या. दुसऱ्याच वाक्याला त्या डेन्मार्कला पोचल्या. तिसऱ्या वाक्यात तिथला एक टीकाकार आला, तो पाळण्यातलं बाळ झोपेपर्यंत गेला नाही. माझ्या सासूबाई घुगऱ्यांचं ताट धरून उभ्याच.

बाई आमच्या नागभीडच्या शाळेत इंग्रजी शिकवायच्या आणि मी चित्रकला. स्टेशनमागच्या एकाच ओळीतल्या खोल्यांत आम्ही भाड्यानं राहायचो. गडचिरोली वेगळा जिल्हा झाला, त्याच सुमाराची गोष्ट. बाई एकट्या. इस्त्रीचं पांढरं पातळ, पायात कॅनव्हासचे बूट, आणि कोणी नुसतं "कशा आहात?" विचारलं तरी उत्तरात डेन्मार्क.

त्या टीकाकाराचं नाव बाई स्वच्छ उच्चारायच्या. पण गावात ते कोणाच्या जिभेला पेललं नाही, म्हणून सगळे त्याला 'डेन्मार्कवाले' म्हणत. माणूस एकोणिसाव्या शतकातला. तुम्ही झोपलेले आहात, असं त्यानं आपल्या देशाला तोंडावर सांगितलं. पुस्तकानं प्रश्न उभा करावा आणि लोकांनी त्यावर वाद घालावा, हे त्याचं म्हणणं. विद्यापीठानं त्याला प्रोफेसरची खुर्ची द्यायला वर्षानुवर्षं टाळाटाळ केली. मग तो भाषणं करत राहिला, आणि ज्यांना कुत्रंही ओळखत नव्हतं अशा लेखकांना त्यानं नाव मिळवून दिलं. एवढं मला ठाऊक आहे, कारण एवढं आमच्या स्टेशनवरच्या रिक्षावाल्यांनाही ठाऊक होतं.

बाईंनी त्याच्याकडून एक सवय उचलली होती. काहीही समोर आलं की विचारायच्या, "ह्याच्यात प्रश्न कुठी आहे?" सिनेमा पाहून विचारायच्या, लग्नपत्रिका वाचूनही विचारायच्या. मी एकदा मोठ्या हौसेनं मोराचं चित्र काढलं. बाई बराच वेळ पाहत राहिल्या. म्हणाल्या, "मोर चांगला आहे, सर. पण त्याले अडचण काय आहे?" तेव्हापासून मला मोर धड काढता आलेला नाही.

आमचे मुख्याध्यापक साताऱ्याकडचे, शिस्तीचे. पंधरा ऑगस्टला त्यांनी बाईंना बजावलं की या वेळी फक्त झेंड्याबद्दल बोलायचं. बाई झेंड्याबद्दलच बोलल्या. जगातल्या जुन्या झेंड्यांबद्दल. त्यात डेन्मार्कचा नंबर फार वरचा लागतो. मुख्याध्यापकांनी डोळे मिटून घेतले. पण कहर झाला स्नेहसंमेलनात. मुख्याध्यापकांनी स्वतः लिहिलेलं नाटक होतं. पडदा पडल्यावर बाईंनी माइक हातात घेऊन सांगितलं, की नायिका पहिल्यापासून रडते आहे, ती काऊन रडते ते तिला माहीत नाही, आणि सरांनाही माहीत नसावं. दुसऱ्या दिवसापासून बाईंना माइक बंद.

मी समजूत काढायला गेलो, तर बाई खुशीत. डेन्मार्कवाल्यालाही असंच केलं होतं म्हणाल्या.

गावाबाहेरच्या तलावावर ढिवरांची मासेमारी सोसायटी होती. तिच्या कार्यक्रमाला बोलावलेला अधिकारी आलाच नाही. हार वाळून चाललेले. अध्यक्ष सुखदेवभाऊंनी शेवटी बाईंना बोलावणं धाडलं. मीही मागोमाग गेलो, म्हटलं गंमत पाहू.

बाईंनी सुरुवातच केली, की डेन्मार्क पाण्यानं वेढलेला आहे आणि तिथली माणसं रोज मासे खातात. मंडळी सावरून बसली. डेन्मार्कवाल्याचं जगणं, त्याची भांडणं, सगळं त्यांनी मन लावून ऐकलं. मग सुखदेवभाऊ उठले.

"बाई, तिकडं तलाव कोनाच्या नावानं रायते? मासे धरनाऱ्याच्या का ठेकेदाराच्या?"

बाई थांबल्या. त्यांना थांबलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. मग म्हणाल्या, "मले माहीत नाई, भाऊ. पण हा प्रश्न आहे."

त्यावर जी जुंपली! आमचा तलाव ठेकेदारानं का घ्यावा इथपासून सोसायटीचे पैसे कोण खातं इथपर्यंत. मागं बसलेल्या बायाही बोलायला लागल्या. बाई मधोमध बसून एकेकाचं तोंड पाहत होत्या. परतताना वाटेत एवढंच म्हणाल्या, "सर, आज चर्चा झाली." पुढच्या वेळी ठेका सोसायटीनंच घेतला. त्याचं श्रेय सुखदेवभाऊ डेन्मार्कला देत.

त्यानंतर बाईंनी मला डेन्मार्कवाल्यांचं चित्र काढायला सांगितलं. बाईंकडच्या त्याच्या पुस्तकात फोटो नव्हता. बाई सांगत गेल्या: कपाळ मोठं, झोप कमी झालेली, दाढी हौसेनं वाढवलेली नव्हे, करायची राहून गेलेली. मी काढत गेलो. नाक थोडं आमच्या स्टेशनमास्तरांसारखं आलं, पण बाईंना पसंत पडलं. चौकट करून त्यांनी ते बैठकीत लावलं.

एका रविवारी मी तिथं बसलो होतो. सुखदेवभाऊ रोहू घेऊन आले. बाई मासा घेऊन आत गेल्या. भाऊंनी चपला काढल्या, चित्राला हात जोडले आणि मला हळूच विचारलं, "बाईचे मालक कधी वारले?"

ते गेल्यावर मी हसत हसत बाईंना ते सांगितलं. बाई हसल्या नाहीत. मी भाऊंना काय सांगितलं, एवढंच त्यांनी विचारलं. दूरचे नातेवाईक आहेत असं सांगितलं, म्हटलं.

"बरं केलं."

मग स्टुलावर बसून सांगायला लागल्या. नागपूरला एम.ए.ला सर निबंधाचे विषय वाटत होते. मोठमोठे लेखक एकेकानं पटापट घेतले. बाईंचं नाव सरांनी शेवटी पुकारलं, आणि डेन्मार्कवाल्याचं एक पुस्तक पुढं सरकवलं. हे उरलं आहे, म्हणाले. वसतिगृहात आडनाव कळल्यावर बाईंच्या खोलीत दुसरी मुलगी राहायला तयार नव्हती. रिकाम्या खाटेवर बाईंनी ते पुस्तक ठेवलं, आणि वर्षभर त्याच्याशीच बोलल्या.

"त्याले कोनी घेतलं नाई, सर. मलेबी कोनी घेतलं नाई. मंग मी त्याले घरी घेऊन आली."

मी उठायला लागलो. बाईंनी आतून विळी आणली, पदर खोचला आणि मासा पुढ्यात घेतला.

"जेवून जा," म्हणाल्या. "एकटीले अख्खी रोहू सरत नाई."