भाऊसाहेबांच्या रेडिओचा पंखा

अकोल्यात मे महिन्यात माणसं पंख्यासमोर बसतात. आमचे घरमालक भाऊसाहेब खोडके पंखा रेडिओला लावत आणि स्वतः घाम पुसत बाजूला बसत. हातात वाळ्याचा विंझणा असे, पण तोही मधूनमधून रेडिओकडेच वळायचा.

साठ-एकसष्ट सालची गोष्ट असेल. मी अमरावतीहून बदलून आलेला शाळामास्तर, त्यांच्याच पुढच्या दोन खोल्यांत बिऱ्हाड केलेला. भाऊसाहेब कोर्टातून नाझर म्हणून निवृत्त झाले होते. जन्मभर जप्तीचं सामान हाताळल्यामुळे जगातल्या प्रत्येक वस्तूतलं आपल्याला कळतं, असा त्यांचा पक्का समज. "मशिनीतलं मले नोका शिकवू, मास्तर," हे वाक्य दिवसातून चारदा तरी ऐकावं लागे.

रेडिओ व्हॉल्व्हचा, चांगला ट्रंकेएवढा. दुखणं एकच, अर्ध्या तासात तापायचा. आधी आवाज घोगरा व्हायचा, मग जळका वास यायचा, मग मुका. त्यावर भाऊसाहेबांनी काढलेला इलाज म्हणजे कचेरीच्या लिलावातला टेबलफॅन. तो सुरू झाला की जिनिंग फॅक्टरीत उभं असल्यासारखं वाटे. रेडिओ थंड राही म्हणावं तर तेही नाही, आणि शब्द एक ऐकू येत नसे. मग बातम्या भाऊसाहेबच सांगत. कोणी मंत्री सिंगापूरला निघाले, ते यांनी मूर्तिजापूर ऐकलं, आणि गल्लीतले दोघं शहाणे निवेदन घेऊन मूर्तिजापूर स्टेशनावर दिवसभर बसून आले.

खरं दुखणं आंधळ्यालाही दिसलं असतं. रेडिओला मागचीपुढची सगळी भोकं बुजवणारं जाड, भरतकामाचं कव्हर होतं. मी त्याला झूल म्हणायचो, पोळ्याच्या बैलाची. वर समोरासमोर दोन पोपट. एकाला काळा डोळा, दुसऱ्याला डोळाच नाही. "काय म्हणतो तुमचा काणा पोपट?" असं मी जाता-येता विचारायचो. मला तो मोठा विनोद वाटे. भाऊसाहेब उठून पंख्याचा वेग वाढवत आणि म्हणत, "तुमची शाळा नाही भरली काय आज?"

दुरुस्तीवाला आला. त्याने दोन मिनिटांत निकाल दिला, "कव्हर काढा, पंखाबी लागत नाही." भाऊसाहेब म्हणाले, "चाल, निंग."

माणूस हट्टी तसाच चिक्कूही, असं आमचं मत. पाहुण्याला चहा स्वतःच्या हाताने करून देत. बायकोच्या हातात साखरेचा डबासुद्धा देत नाही, असं मी चारचौघांत हसून सांगे. काकू कधी ओट्यावर येत नसत. मधल्या खोलीत डोक्यावर पदर घेऊन बसत आणि संध्याकाळी सहाला पंख्याच्या खडखडाटातून कानावर येतील तेवढी रेडिओवरची भजनं ऐकत. ती अर्धवट राहिली की भाऊसाहेब दुसऱ्या दिवशीपर्यंत कोणाशी धड बोलत नसत.

एका संध्याकाळी ते भाजी आणायला गेले आणि इकडे भजन घोगरं झालं. म्हटलं, या माणसाला आज धडाच शिकवू. आत शिरलो, पंखा बंद केला, रेडिओही बंद केला, झूल ओढून काढली. थोड्या वेळाने रेडिओ पुन्हा लावला तर आवाज कसा स्वच्छ. मी झूल मांडीवर घेऊन विजयी मुद्रेने बसलो.

काकू भिंत चाचपत बाहेर आल्या. त्यांनी रेडिओवर हात ठेवला. "पंखा बंद कसा? आन् माह्ये पोपट कुठी गेले?"

पोपट माझ्या मांडीवर होते, त्यांच्यापासून हातभर अंतरावर. त्या माझ्याकडेच पाहत होत्या आणि त्यांना काही दिसत नव्हतं. सहा महिने एका घरात राहून मला हे कळलं नव्हतं.

दारात भाऊसाहेब पिशवी घेऊन उभे. "धूळ झटकाले काढलं वो. तू बस, लावतो आता," म्हणाले, आणि मला दंडाला धरून ओट्यावर घेऊन गेले.

"दुसऱ्या पोपटाचा डोळा राह्यला आन् तिले सुई दिसेनाशी झाली. लय रडली. मंग म्या खोटंच सांगतलं, शिंप्याच्या बायकोकडून डोळा भरून आनला. टाका बारीक, बोटाले समजत नाही. रोज हात फिरवून पायते, खूस असते." मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "तुमी येता-जाता काणा म्हनता, मास्तर. थे तिले आयकू जाऊ नये म्हनून तरी पंखा चालू राहू द्या."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझी एवढी लाज मला पुन्हा कधी वाटली नाही.

मी आत गेलो, झूल नीट चढवली, कोपरे ओढून सारखे केले आणि पंख्याचं बटण दाबलं. खडखडाटात भजन पुन्हा बुडालं.

"मास्तर, बसले काय पोपट जाग्यावर?" काकूंनी विचारलं.

"बसले काकू," मी पंख्याच्या वर आवाज काढून सांगितलं. "दोघंही तुमच्याकडेच पाहून राहिले."