मुंजाजीरावांची रेघ

मी इस्त्रीचं बटण दाबतो, आणि इस्त्री गरम व्हायच्या आत खालून आवाज येतो, "गुरुजी, इस्त्री लावलाव का? रेघ बघा कुठं गेली!"

ही रेघ मला दिसत नाही. ती मुंजाजीरावांच्या लॅपटॉपवर दिसते. शेजाऱ्याच्या खिडकीतून आत डोकावू नये, हे आमच्या आईने शिकवलं होतं. मीटरमधूनही डोकावू नये, हे मुंजाजीरावांच्या आईला शिकवायचं सुचलं नसावं.

मुंजाजीराव आमचे घरमालक. परभणीतल्या त्यांच्या घरात खाली ते एकटे, वर आम्ही भाडेकरू. आयटीआयमध्ये वायरमनचा ट्रेड शिकवून निवृत्त झाले. बायको वारली, मुलगी लग्न होऊन गेली, धारेवर धरायला पोरंही उरली नाहीत. मग त्यांनी मीटरच धारेवर धरलं. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो. जितकी वीज जास्त, तितका तो घाईघाईने लुकलुकतो. त्या दिव्यावर त्यांनी काळ्या चिकटपट्टीने मण्याएवढा सेन्सर चिकटवला, त्याची वायर एका डबीत नेली आणि डबी इंटरनेटला जोडली. आता ब्राउझर उघडला की घरातली वीज रेघ होऊन सरकताना दिसते. रेघ ठरवलेल्या हद्दीबाहेर गेली की लॅपटॉप बोंबलतो. लॅपटॉपचं बोंबलणं संपलं की मुंजाजीरावांचं सुरू होतं.

आमचं मीटर वेगळं (त्यावरही एक सेन्सर होताच), बिल आम्ही भरतो. हे मी त्यांना शंभरदा सांगून पाहिलं.

"बिलाचं कोन बोलायलंय?" ते उलट माझ्यावरच डाफरले. "मोटर अन् गिझर एका टायमाला लावलाव तर वायर तापती. आग लागली तर तुमी सामान घेऊन जाताल. मी कुठं जाऊ? रेघ खोटं बोलत न्हाई, गुरुजी!"

पौषात माझे सासरे जिंतूरहून आले. भारदस्त माणूस. त्यांच्यासमोर मी अजून मोठ्याने शिंकत नाही. अंघोळ करून, कपाळाला गंध लावून ते जिना उतरले, तर समोर मुंजाजीराव कमरेवर हात ठेवून उभे. "पाव्हणं, एकवीस मिन्टं गिझर! एवढं कामून न्हायलाव?"

सासरे चहासुद्धा न घेता एसटीत बसले. पुढचे आठ दिवस बायको माझ्याशी बोलली नाही. जणू ती रेघ मीच मारली होती.

मुंजाजीरावांच्या लॅपटॉपवर खरं तर तीन रेघा असत. लाल आमची, निळी त्यांची आणि एक हिरवी, बिननावाची. "ही कुणाची?" मी एकदा विचारलं.

"ते तुमच्या कामाचं न्हाई."

माझी रेघ मात्र त्यांच्या कामाची! त्याच दिवशी मी मनात घर सोडलं होतं.

वैशाखातली गोष्ट. शाळेला सुट्टी होती. सकाळी सहालाच खालून ओरडा आला, "कूलर रातभर चालू हाय!" मी ताडकन उठलो. बायकोला म्हणालो, "आज सोक्षमोक्ष लावतो." जिना उतरताना वाक्यं जुळवली. एक तर फारच झणझणीत जमलं होतं. मी दारात पोचलो आणि नेमका लॅपटॉप बोंबलायला लागला.

मुंजाजीराव मात्र पडद्यावर बोट ठेवून बसले होते. हिरवी रेघ तळाला सपाट पडली होती.

"अक्का उठली न्हाई," ते म्हणाले.

"कोण अक्का?"

"थोरली बहीन माझी. पोखर्णीला एकटी ऱ्हाती. साडेपाचला पानी तापवायला रॉड लावती. दोन वर्षांत एक दिस चुकली न्हाई. गावात लाइट हाय, तिथली सेन्सरची डबी बी चालू हाय, अन् रेघ न्हाई!"

"फोन करा ना."

"फोन ठेवत न्हाई ती. ठेवला तरी माझ्याशी बोलती का?"

हातातच किल्ली असताना ते स्कूटरची किल्ली घरभर शोधत होते. मी माझी मोटरसायकल काढली. माझं झणझणीत वाक्य तसंच राहिलं, त्याचाही राग आला.

वाटभर ते माझ्या कानात ओरडत होते. रस्त्यावर, ट्रकवर, आडव्या आलेल्या मेंढ्यांवर आणि मग स्वतःवर. मुलीच्या लग्नात, मार्गशीर्षातल्या गारठ्यात, विहीणबाईंचे पाय धुवायला पाणी कोमट हवं म्हणून अक्कांनी मांडवाच्या वायरीवर रॉड लावला. ऐन मंगलाष्टकात फ्यूज उडाला आणि माईक बंद पडला. "अन् मी व्याह्यांच्या पुढ्यात तिला अडानी म्हनलो, गुरुजी! थोरल्या बहिनीला!" अक्कांनी मानाची साडी पाटावर ठेवली आणि त्या निघून गेल्या. त्यानंतर बोलणं नाही. अक्कांचं मीटर ओट्यावरच्या भिंतीला, म्हणून घरात पाय न ठेवता यांनी तिथल्या लाइनमनकडून सेन्सर आणि सिमकार्डाची डबी लावून घेतली.

पोखर्णीत पोचलो तर अक्का ओट्यावर बसून डाळ पाखडत होत्या. धडधाकट.

मुंजाजीराव उतरले, ओट्याला धरून उभे राहिले आणि कडाडले, "रॉड कामून लावला न्हाईस? जीव गेला असता माझा!"

अक्कांचं सूप थांबलं नाही. "वैशाख हाय. टाकीतलं पानीच चटके द्यायलंय. तापवायचं कशाला?"

"मग काल? परवा? रोज तर लावायलीस!"

"तुझ्यासाठी लावायले. हे डबडं कशाचं हाय ते लाइनमननं सांगितलंय मला. म्हनलं, तिथं बसून घोर करत असंल. बादलीत रॉड सोडते, दहा मिन्टं बसते, काढते. गेल्या उन्हाळ्यात बी तेच केलं. एवढी पोरं शिकवलास, वैशाखात पानी कोन तापवतंय, येवढं कळलं न्हाई तुला?"

मुंजाजीरावांनी भिंतीवरचं डबडं चाचपलं. "मग आज?"

"आज मुद्दाम न्हाई लावला. म्हनलं बघावं, नुसती रेघच बघतंय का मानूस बी बघाया येतंय."

मला दोघांचाही भयंकर संताप आला. अर्ध्या तासाच्या वाटेवर राहणारी सख्खी भावंडं, आणि दोन वर्षं एकमेकांची खुशाली मीटरच्या दिव्यावरून कळवत होती! मुंजाजीरावांनी पुन्हा आवाज चढवला.

"ओरडायचं तर आत येऊन ओरड," अक्का उठत म्हणाल्या. "गल्ली गोळा करू नको."

ते चपला काढून आत गेले. मी ओट्यावर बसून वाट बघत राहिलो. आत नक्की वायरिंगवरून भांडण जुंपणार, अशी माझी खात्री होती.

पण थोड्या वेळाने अक्काच माझ्यासाठी तांब्याभर पाणी घेऊन आल्या. दार हळूच ओढून घेत म्हणाल्या, "दादा, तुमाला घाई न्हाई ना? रडायलंय ते."

"सुट्टीच आहे मला," मी म्हणालो.