फरक पडतो म्हणणारे बिरारी साहेब

बिरारी साहेब एकदा भर मीटिंगमध्ये खुर्चीवर चढले आणि त्यांनी खिडकीचा पडदा उतरवला. कारण पडद्याच्या दोन दोऱ्यांपैकी एक बोटभर लांब होती. मालक बोलत होते, ते थांबले. साहेबांनी कात्री मागितली, दोरी कापली, पडदा चढवला आणि खाली उतरून म्हणाले, "हं, बोला. फरक पडतो हो."

नाशिकमध्ये अंबडला आमचा छोटा कारखाना आहे. यंत्रांना लागणारे इलेक्ट्रॉनिक बोर्ड आम्ही बनवतो. मी खरेदी बघते, बिरारी साहेब बोर्डांचे आराखडे बघतात. म्हणजे पगार त्याचा मिळतो. बघतात ते सगळंच. मिसळ खायला गेलो की लादीतले दोन सारखे पाव निवडून घेतात. बुटाच्या नाड्या बांधण्याआधी दोन्ही टोकं एकमेकांना लावून पाहतात. "मॅडम, डावं कानातलं जरा खाली आलंय," हे मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की आता कानातली घालणंच सोडलंय. कुणी 'आशिर्वाद' लिहिलं तर पेन काढून 'शी' दीर्घ करतात, लग्नपत्रिकेवरसुद्धा. आणि पत्रिका द्यायला आलेला माणूस समोर उभा असताना.

सुरुवातीला मी त्यांना विचारलं होतं, "सर, या बोर्डांना 'इम्पिडन्स सांभाळून' असं लिहिलं की बोर्डवाला भाव वाढवतो. ते गाळलं तर चालेल का?"

साहेबांनी चष्मा काढला. त्यांनी चष्मा काढला की समोरच्याने खुर्ची ओढून घ्यावी.

"तुमच्या गावाकडं पाट आहे का?"

"सर, मी नाशिक रोडची. आमच्याकडे नळ आहे."

"पाटच धरू," ते म्हणाले. "पाणी मजेत चाललंय. मध्येच पाट अरुंद झाला की काय होतं? थोडं पुढं जातं, थोडं मागं उसळतं. सिग्नलचं तसंच. वाटेत त्याला जो अडथळा जाणवतो ना, तो इम्पिडन्स. तो नसतो असं नाही, पण सुरुवातीपासून शेवटापर्यंत एकसारखा पाहिजे. मध्ये बदलला की सिग्नलचा तुकडा परत फिरतो आणि मागून येणाऱ्याला धडकतो."

"आणि आराखड्यातल्या त्या दोन-दोन रेघा?"

"ती जोडी. दोघी मिळून एकच निरोप नेतात. एकीतला सिग्नल वर जातो तेव्हा दुसरीतला खाली. लांबी सारखी, मधलं अंतर सारखं. एक उशिरा पोचली की निरोप बिघडला."

मी काही गाळलं नाही. पुन्हा विचारायची हिंमतही केली नाही.

गेल्या द्राक्षांच्या हंगामाआधी मात्र खरी अडचण आली. पिंपळगावकडच्या एका पॅकहाउससाठी आम्ही द्राक्षाचे मणी तपासणाऱ्या यंत्राचा बोर्ड केला होता. कॅमेरा द्राक्षाचा फोटो घेणार, यंत्र चांगलं-वाईट वेगळं करणार. पण फोटोत जुन्या टीव्हीसारख्या मुंग्याच मुंग्या. यंत्र चांगले मणीही बाजूला टाकत होतं. काढणी तोंडावर आलेली. दोन दिवस सगळ्यांनी सॉफ्टवेअरवाल्याला शिव्या घातल्या.

साहेबांनी शिव्या दिल्या नाहीत. आराखडा उघडून कॅमेऱ्याकडून येणाऱ्या रेघांच्या जोडीवर बोट ठेवून ते हळूहळू सरकत गेले आणि एका जागी थांबले.

"इथं खालचं तांबं कापलंय."

वरच्या दोन्ही रेघा अगदी सारख्या होत्या. पण त्यांच्या खालच्या थरात तांब्याचा अखंड पत्रा हवा, त्याला मध्येच चीर पडली होती. तिथे इम्पिडन्स उडी मारत होता आणि सिग्नल मागे फिरत होता. बोर्ड लहान करताना ती चीर आमच्या नव्या इंजिनियरने, सायलीने, ठेवली होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

मालक आत आले. "कुणी केलंय हे?"

"मी तपासलं होतं," बिरारी साहेब म्हणाले. "नजरेतून सुटलं."

मालकांनी साहेबांना जे ऐकवायचं ते ऐकवलं. ते गेल्यावर सायली पुटपुटली, "सर, तुम्ही तर त्या आठवड्यात रजेवर होता."

"मग? रजा संपल्यावर बघायला नको होतं?" साहेब म्हणाले. "चल, चीर बाजूला घे. आणि फाइलचं नाव लिहिताना 'दुरुस्ती'तला 'रु' ऱ्हस्व काढ."

नवे बोर्ड आले, बसवले, फोटोत द्राक्षं द्राक्षांसारखी दिसायला लागली. पॅकहाउसवाल्याने खूश होऊन द्राक्षांची पेटी पाठवली. त्या दिवशी साहेब पुन्हा रजेवर होते, म्हणून संध्याकाळी मीच ती पेटी घेऊन इंदिरानगरला त्यांच्या घरी गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

दार त्यांनीच उघडलं. खांद्यावर नॅपकिन, हातात वरणभाताची वाटी. आत पलंगावर त्यांची आई बसली होती. सटाण्याकडची, बोलणं सगळं अहिराणी.

"भाऊ, कांदाले पानी दिधं का?" तिने विचारलं.

"दिधं, माय. मोटर चालू शे." साहेबांनी घास पुढे केला.

"धाकला कोठे शे?"

"नाशिकमा शे."

"फोन करस का तुले?"

"करस ना. रोज करस."

म्हातारीने घास गिळला. "त्याले सांग, माय वाट दखस."

"सांगस, माय," साहेब म्हणाले आणि तिचं तोंड पुसलं.

ते बाहेरच्या खोलीत आले तेव्हा मी हळूच विचारलं, "भाऊ म्हणजे?"

"मोठा भाऊ. शेती तोच बघायचा. वारला." त्यांनी पेटी उगाचच भिंतीला सरळ लावली. "धाकटा मी."

"मग तुम्ही त्यांना सांगत का नाही?"

"सांगायचो पहिले. भाऊ गेला, मी धाकटा. मग ती रडायची. सकाळपर्यंत विसरायची. पुन्हा सांगितलं की पुन्हा पहिल्यांदाच ऐकल्यासारखी रडायची. किती वेळा रडवू तिला?"



"भाऊ!" आतून हाक आली.

"उनू, माय," म्हणत साहेब वाटी घेऊन आत गेले.